सूर्योदयाची टाळी

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीएस्सी. पदवीचा कागद मायनं फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगलाय, त्यामुळे रोज सकाळी उदबत्तीचा वास देवांना आणि धूर पदवीला, अशी वाटणी झालेली आहे. हे मी लाजून सांगत नाही. सात पिढ्या ज्यांनी अंगठा उमटवला त्यांच्या घरातली ती काच आहे, पुसायला मी स्वतः उठतो.

शिकलेला माणूस म्हणून गावात माझ्याकडे दोन प्रकारची कामं येतात. कुणाचा मोबाईल बिघडला तर, आणि कुणाचं डोकं बिघडलं तर. अलीकडे तिसरा प्रकार सुरू झालाय. हवामान बिघडलं तरी लोक माझ्याकडेच बघतात, जणू विज्ञानाचा विषय मी घेतला म्हणूनच हे सगळं झालं.

सुरुवात रनाळ्याला झाली. माझ्या काकांच्या मुलीचं लग्न होतं. काका धाकटे, म्हणून मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांना रामराम घालायचं काम मोठ्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वैशाखातली दुपार. पत्रिकेत वेळ बाराची. आता आमच्याकडे पत्रिकेतली वेळ ही वेळ नसते, तो नुसता इशारा असतो. त्या वेळेला पाहुण्यानं अंघोळीचं पाणी काढायचं. इकडे नवरदेव मारुतीच्या पारावरून निघतो. पारापासून मांडव हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर असतो, पण पोरं ते अंतर नाचत नाचत कापतात आणि सूर्य कलला तरी पोचत नाहीत. मधल्या सगळ्या वेळात मुलीकडचा माणूस दारात उभा. बसला तर मान जातो.

आप्पा उभे राहिले, राहिले, आणि मग मांडवाच्या खांबाला धरून हळूहळू खाली आले. घाम नाही, काही नाही. अंग तव्यासारखं. त्यांना उचलून कूलरपुढे ठेवलं, तर कूलरमध्ये पाणी नव्हतं. डीजे बंद कर म्हणून सांगायला माणूस पाठवला, तर डीजेवाल्यानं आवाज तेवढाच ठेवून दुःखाचं गाणं लावलं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा असं उन्हात उभं केलंत तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही."

घरी आल्यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं गॅस. आप्पांनी स्वतः आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीवर आळ घेतला. एक ऊन सोडून सगळ्यांची चौकशी झाली. मी उन्हाचं नाव काढलं तर आप्पा म्हणाले, "उनमाच मोठा व्हयनू मी. ऊन मन्हं काय करी?"

आता हे ऊन आप्पांच्या लहानपणी होतं ते नाही, हे त्यांना कसं सांगावं? पपईच्या झाडावरची फळं करपू नयेत म्हणून आमच्याच शेतात मायच्या जुन्या साड्या गुंडाळल्यात. बागेत गेलं की वाटतं, घरातल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या आहेत. पपईला साडी नेसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यावर रुमाल टाकायला लाज वाटते.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा सारंगखेड्याच्या बाजूचा, केळीची शेती, चांगलं घर. तारीख वैशाखातलीच. थंडीत करा म्हटलं तर थंडीत कापूस. संध्याकाळी करा म्हटलं तर आमची संध्याकाळ मध्यरात्रीपर्यंत लांबते, आणि हल्ली वैशाखात संध्याकाळचं असं वादळ येतं की केळी आडव्या होतात, मांडव काय टिकणार. मंगल कार्यालयात करा म्हटलं तर ते पत्र्याचं, नुसती भट्टी.

बहीण मला ओसरीवर गाठून म्हणाली, "भाऊ, मन्ही टाळी लागी तवय आप्पा मन्हा समोर उभा पायजेत. खाटवर नही. दवाखानामा नही. उभा."

मंगलाष्टकं संपतात, शेवटच्या अक्षता पडतात आणि सगळा मांडव टाळ्या वाजवतो, त्या क्षणाला आमच्याकडे टाळी लागणं म्हणतात. तीच लग्नाची खरी घटका. बाकी सगळं जेवण.

"आणि नसतील उभे राहू शकत तर?" मी विचारलं.

"तं लगीन नही," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. आमच्या घरात अंतिम निर्णय असाच जाहीर होतो.

त्याच सुमारास लोणखेड्याला एका कॉलेजात हवामानबदलावर परिसंवाद होता. आसपासच्या गावांतून शिकलेली माणसं बोलावली होती, त्यात मी. पुण्याहून एक साहेब आले होते. ते म्हणाले, हवामानाबद्दल रडणं आता पुरे, आता आशावाद पाहिजे, कल्पनाशक्ती पाहिजे. मग त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. "दोन हजार पन्नास सालचं तुमचं गाव बघा. वाईट काही बघायचं नाही."

आम्ही डोळे मिटले. त्याच वेळी वीज गेली, पंखे थांबले. माझ्या शेजारी एक पपईवाला शेतकरी बसला होता. तो म्हणाला, "साहेब, माले तं अंधारच दिसी ऱ्हायना."

"सुरुवातीला तसंच दिसतं," साहेब म्हणाले. "धीर धरा."

धीर धरता धरता मागच्या दोन रांगा झोपल्या. त्यानंतर मोठे कागद वाटले आणि आपापलं स्वप्नातलं गाव रंगवायला सांगितलं. हिरवा खडू सगळ्यांत आधी संपला. निळ्यावरून तापीकाठच्या दोन गावांत वाद झाला.

मी खरं सांगतो, मला ह्या प्रकाराचं हसू येत होतं. पण डोळे मिटले तेव्हा मला काहीतरी दिसलं होतं. आप्पा मांडवाच्या दारात उभे. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले. आणि त्यांची सावली लांब, पार मागे बोहल्यापर्यंत. मी त्या सावलीचा विचार करत बसलो. सावली लांब म्हणजे सूर्य खाली. संध्याकाळ तर आपण रद्द केलीय. मग ही कुठली वेळ?

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "तुम्हाला काय दिसलं?"

"माझ्या बहिणीचं लग्न," मी म्हणालो. "सूर्योदयाला लागतंय."

सगळे हसले. साहेबही हसले, चांगला माणूस होता. "छान. पण थोडं मोठं बघा. पन्नास साल बघा."

"साहेब, माझी नजर वैशाखापर्यंतच पोचतेय," मी म्हणालो. "तिथून पुढचं, आप्पा टिकले तर बघू."

येताना शहाद्याला मांडववाल्या शेठजींकडे थांबलो. आजोबांच्या काळी राजस्थानातून आलेलं घराणं, आता तालुक्यातल्या निम्म्या लग्नांवर त्यांचंच कापड. सूर्योदयाचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. कारण त्यांनी नुकतेच पाण्याचा फवारा उडवणारे मोठे पंखे आणले होते.

"गरमी बढ रही है भाऊ," ते म्हणाले, "ऊपरवाले की मेहेरबानी है. दोपहर को रखो. ऐसा फवारा मारूंगा, पाहुणे कहेंगे काश्मीर आ गए."

हवामानबदलाकडे इतक्या आशेनं बघणारा माणूस मला अख्ख्या परिसंवादात भेटला नव्हता. आप्पांना काश्मीर बघून घेऊ दे म्हणून एक पंखा घेतलाच.

मग व्याह्यांकडे गेलो. वरपक्षाची संमती नसेल तर सूर्यसुद्धा उगवून उपयोग नाही. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऊन कसं वाढलंय, आप्पांना काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, लहान मुलांचं, म्हाताऱ्यांचं काय होतं. विज्ञान सांगितलं. व्याही ऐकत होते आणि बशीतला चहा फुंकत होते.

"लोकसले सवय ऱ्हास," ते म्हणाले.

विषय संपला होता. तेवढ्यात दाराशी बांधलेली त्यांची घोडी खिंकाळली. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली, पांढरीशुभ्र. त्या घरात तिचा मान मोठ्या सुनेच्या वर आहे, हे मोठी सून स्वतः सांगते. नवरदेव तिच्यावरूनच येणार होता.

मी म्हणालो, "दादा, दुपारी रस्त्याचं डांबर वितळतं. घोडीच्या पायांचं काय करणार?"

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"हाऊ विचार तं कोनी करेलच नही!" ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे मुलाला हाक मारून सांगितलं, लगीन सूर्योदयले.

पदवीपर्यंतचं माझं सगळं शिक्षण जिथं हरलं तिथं एक घोडी खिंकाळून गेली.

भटजींना काळजीतच विचारलं, "मुहूर्त मिळेल का?" ते म्हणाले, "त्या दिवशी दुपारी माझ्याकडे दुसरी दोन लग्नं आहेत. पहाटेचा मुहूर्त अत्युत्तम आहे."

सगळ्यांत अवघड आप्पा. त्यांना आपली तब्येत हे कारण सांगितलंच नाही, नाहीतर ते मुद्दाम बारा वाजता डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले असते. घोडीचं कारण सांगितलं. ते त्यांना पटलं, पण पाहुण्यांचं पटेना.

"सकाय सकाय कोन यी? आन लोके म्हनतीन, चहा-पोहावर लगीन उरकी टाकं."

"बट्टीच ऱ्हाई," माय चुलीपासून म्हणाली. "वरण-बट्टी, वांगानी भाजी. बट्टी थापाले बाया कितीले उठतस, माहीत शे का तुमले?"

आप्पांना माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी कणकेची तळलेली बट्टी ही ताटात उगवणारी वस्तू आहे.

पत्रिका छापल्या. 'सूर्योदयाच्या शुभमुहूर्तावर' असं लाल अक्षरात, आणि खाली जाड ठशात, 'म्हणजे सकाळीच'. त्यानंतर आमच्या घरातला फोन थंड झाला नाही. आप्पांची मोठी बहीण, माझी फुई, सुरतला असते. तिचा पहिला फोन.

"सूर्योदयले कोन लगीन लावस रे? पळी जाई ऱ्हायनी का पोर?"

तिला समजावलं. मग गावात निघालं की नवरदेवाचं हे दुसरं लग्न आहे म्हणून उजेडाआधी उरकतायत. मग निघालं की शिकलेल्या पोरानं जेवण वाचवायची युक्ती काढलीय. मग एकेक नातेवाईक काळजीनं फोन करायला लागला, पत्रिकेत चूक छापलीय म्हणून.

"चूक नाही मामा, सकाळीच आहे."

"हां हां, ते समजनं. पन खरी वेळ काय?"

"हीच खरी वेळ."

"आरे, आमले तं सांग! आमी घरना मानसे शेत."

असे 'घरची माणसं आहोत' म्हणणाऱ्यांचे किती फोन आले ते मोजले नाहीत. सगळ्यांना तेच हवं होतं, पत्रिकेच्या आतली वेळ. मी नाही म्हणालो की ते समजुतीनं हसायचे. पोरगं पक्कं आहे, फुटत नाही.

लग्नाच्या दिवशी अंधार असतानाच आम्ही तयार. तापीकडून वारा येत होता, असा गार की बहिणीनं साडीवर शाल घेतली. वैशाखात शाल! मला वाटलं, पुण्याच्या साहेबांना इथं उभं करावं.

सगळ्यांत आधी घोडी आली, टेम्पोतून. मागोमाग व्याही, नवरदेव, बॅण्ड आणि वऱ्हाडातल्या बायकांची गाडी. पुरुषांची गाडी 'निघालीच आहे' असा निरोप होता. नाचणारी पोरं त्या गाडीत, त्यामुळे नवरदेव पारावरून निघाला तो सरळ मांडवात पोचला. बॅण्डवाला गाणं संपवायच्या आत रस्ता संपला. त्यानं कसनुसं तोंड करून उरलेलं गाणं मांडवात वाजवलं.

आप्पा दारात उभे. पांढरी टोपी, उपरणं, हात जोडलेले. सावली लांब, मागे बोहल्यापर्यंत. तंतोतंत. फक्त समोर रस्त्यावर कुणी नव्हतं.

पुढच्या मानाच्या सोफ्यांवर कुणी नाही. खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या. भटजींनी अंतरपाट काढला, घडी घातली, पुन्हा काढला. सूर्य वर आला. मांडवाचं दार नेमकं पूर्वेला. उजेड आप्पांच्या तोंडावर यायला लागला, आधी कोवळा, मग पिवळा, मग टोचणारा. बोहल्यापर्यंतची सावली आखडत पायाशी यायला लागली.

"आप्पा, आत चला," मी म्हणालो. "सुरू करू."

"कोनी उनंच नही. पाव्हना उनात नही तं मी मांडवमा कसा जाऊ?"

"नाही आले तर येतील मागून."

"दारमा मी नही दिसनू तं काय म्हनतीन?"

व्याह्यांनी घोडीकडे बघून घड्याळ बघितलं. भटजी खोकले. मी पुन्हा म्हणालो, आत चला. आप्पांनी ऐकलं नाही. आणि मग त्यांचा उजवा हात जोडलेल्या हातातून सुटला आणि मांडवाच्या खांबावर गेला. रनाळ्याला तो तसाच गेला होता.

बहीण बोहल्याजवळ होती, तिनंही तो हात बघितला. तिच्या हातातला हार खाली आला.

तेवढ्यात माय बट्टीचं पीठ लागलेल्या हातांनी पुढे आली. व्याह्यांसमोरच तिनं आप्पांना विचारलं,

"कोन उनं नही?"

"कोनीच उनं नही."

"मांगे पाहा. त्या बठेल शेत, त्या काय भांडाकुंडा शेत का?"

आप्पांनी वळून बघितलं. मीही बघितलं, आणि मला माझ्या पदवीची शपथ, तोपर्यंत मीसुद्धा बघितलं नव्हतं. सोफे आणि खुर्च्या सोडून मांडवाच्या मागच्या भागात सतरंज्यांवर बायका बसल्या होत्या. खच्चून. गावातल्या, वऱ्हाडातल्या, माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या. सगळ्या वेळेवर आलेल्या. पाणी, चूल, गुरं, म्हणून त्या रोज ह्याच वेळेला उठतात. त्यांना सूर्योदय ही काही नवी कल्पना नव्हती.

एक म्हातारी म्हणाली, "आमी कवयच्या बठेल शेत, भाऊ. तुन्हा पाव्हनासले उठाडाले जाऊत का आते?"

मांडव हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी खांब सोडला, टोपी नीट केली आणि मागे चालत गेले. आयुष्यभर दारात उभं राहून त्यांनी पुरुषांना रामराम घातला होता, बायका बाजूच्या वाटेनं आत जायच्या. आता ते सतरंजीच्या कडेनं फिरून एकेका रांगेला हात जोडत होते. "राम राम. राम राम बहीनबाई." बायकांनी गडबडून पदर ओढले, दोघी-तिघी उठूनच उभ्या राहिल्या. मग आप्पांनी त्यांना पुढे सोफ्यांवर बसायला सांगितलं. कुणी बसेना. शेवटी ती म्हातारी उठली, सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, आणि सोफा खाली दबला तशी ओरडली. मग सगळ्या बसल्या.

भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. नवरीनं मान खाली घालायची असते. माझी बहीण मान वळवून आप्पांकडे बघत होती, सरळ, सगळा वेळ. आप्पा छताखाली, गार वाऱ्यात, हात जोडून उभे. टाळी लागली. इतक्या बांगड्या वाजलेली टाळी मी आधी ऐकली नव्हती.

ऊन तापायच्या आत बहिणीची पाठवणीसुद्धा झाली. आप्पा तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. मायनं त्यांना लिंबाखाली खुर्चीत बसवलं आणि उठलात तर बघा, असं सांगितलं.

त्यानंतर पाहुणे यायला सुरुवात झाली. इस्त्रीचे कपडे, अत्तर, गॉगल. "नवरदेव कुठवर आला?" एका मामांनी विचारलं.

"सारंगखेड्याला पोचला," मी म्हणालो. "घरी जाऊन झोपलाही असेल."

मामा माझ्यावर भडकले. म्हणाले, खरी वेळ सांगायला काय झालं होतं? सगळे तेच म्हणाले, आम्ही त्यांना फसवलं म्हणून. पत्रिकेत लिहिलेल्या वेळेलाच लग्न लावणं हा त्यांच्या दृष्टीनं विश्वासघात होता. मग रागारागानं जेवायला बसले. दुपारच्या उन्हात, शेठजींच्या पंख्यासमोर. फवारा ताटात येत होता आणि वरण बसल्या जागी पातळ होत होतं. घाम पुसत बट्टी चुरत ते म्हणत होते, हे काय ऊन, माणसानं लग्न करावं तरी कसं.

प्रत्येकाला लिंबाखाली आप्पांपर्यंत चालत जाऊन रामराम घालावा लागला. आप्पा खुर्चीतूनच हात जोडत. पहिल्या दोघांच्या वेळी ते उठायला गेले, मायनं लांबून नुसतं बघितलं. मग नाही उठले.

सगळ्यांत शेवटी फुई आली. सुरतहून, गाडी, मग रिक्षा, हातात मोठी पिशवी, घामानं डबडबलेली. रिकामा बोहला बघून ती जागच्या जागी थांबली. मग सरळ लिंबाखाली गेली.

"मन्हाबगैर टाळी लागनी?"

"लागनी," आप्पा म्हणाले.

"मन्ही भाची, आन माले न पाहता? कोन व्हतं तवय? कोनी नसेल व्हई."

"बाया व्हत्यात. आख्खा गावन्या." आप्पा खुर्चीत ताठ बसले. "आन मी व्हतू. उभा."

फुई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रनाळ्याला ती होती. आप्पांना कूलरपुढे ठेवलं तेव्हा त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी मातीतच बसली.

"शेवटपावत?" तिनं विचारलं.

"शेवटपावत."